त्स्वेट्लचा मठ आणि गोबेल्सबुर्गची पांढरी वाइन

श्रोतेहो, नमस्कार. आज एका पांढऱ्या वाइनची गोष्ट सांगायची आहे. ज्यांनी वाइन कधी चाखलेली नाही आणि चाखणारही नाहीत, त्यांनी बिनधास्त ऐकावी. कारण ही गोष्ट बरीचशी जमिनीची आहे.

ऑस्ट्रियाच्या उत्तरेला वाल्डफीर्टेल नावाचा उंच, जंगलांचा मुलूख आहे. तिथल्या थंडीत राय नावाचं धान्य पिकतं, बटाटा पिकतो, खसखस तर नावाजलेली. द्राक्षाचं मात्र नाव काढू नका. नेमक्या याच मुलखात 12व्या शतकात सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी त्स्वेट्लचा मठ बांधला. आता आली का पंचाईत! प्रार्थनाविधीला वाइन लागणारच. शिवाय ज्या संत बेनेडिक्टचा आचारधर्म हे साधू पाळत, त्यांनीही काहीसं नाइलाजानं रोजच्या थोड्या वाइनला परवानगी दिलेली होती.

साधूंनी मग डोंगर उतरून खाली काम्प नदीच्या उबदार खोऱ्यात मळे मिळवले. साल 1171. हायलिगेनश्टाइन आणि गाइसबेर्ग या तिथल्या दोन टेकड्या आजही द्राक्षवेलींनी भरलेल्या आहेत. पुढे 1740 मध्ये जवळच्या गोबेल्सबुर्ग गावातला वाडाही मठाकडे आला आणि मळ्यांचा कारभार तिथून चालू लागला.

साधूंच्या वाइनबद्दल लिहिताना लोक फार भाविक होतात. तपश्चर्या, एकांत, दैवी चव वगैरे. ही वाइन चांगली होण्यामागचं कारण मला साधं वाटतं. साधूंना भावकी नव्हती. दर पिढीला वाटण्या नाहीत, बांधावरून भांडणं नाहीत, मुलीच्या लग्नासाठी मळा विकणं नाही. कोणत्या उतारावर काय चांगलं पिकतं, हे शेकडो वर्षं एकाच मालकाला बघायला मिळालं. 18व्या शतकाच्या अखेरीला सम्राट दुसऱ्या योझेफनं ऑस्ट्रियातले कितीतरी मठ बंद केले, त्या तडाख्यातूनही त्स्वेट्ल वाचलं.

आणि गंमत बघा, बिनभावकीच्या या मालकानं 1996 मध्ये मळे सोपवले ते एका कुटुंबाला. देवस्थानची इनाम जमीन कुळानं कसावी, तशातलीच ही व्यवस्था. मालकी मठाची, कसणारे एफा आणि मिखाएल मोसब्रुगर. मिखाएल आल्प्समधल्या लेख गावच्या हॉटेलवाल्या घराण्यातला. त्याच्या जोडीला भागीदार म्हणून उभे राहिले शेजारच्या लांगेनलॉइस गावचे नामांकित वाइनकार विली ब्र्युंडलमायर. एरवी ज्याला प्रतिस्पर्धी म्हणावं, तोच भागीदार! या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती हीच गोष्ट.

आता तळघरात डोकावू. तिथं लाकडाची मोठमोठी पिंपं चाकांच्या गाड्यांवर बसवलेली आहेत. सर्वसाधारणपणे वाइन पंपानं या टाकीतून त्या टाकीत खेचतात. इथं तिला तसा धक्का द्यायचा नाही. आंबताना ऊब हवी, तर अख्खं पिंप उबदार भागात ढकलत न्यायचं. मुरायची वेळ आली की थंड भागात. पिंपांचं ओक लाकूडही लांबचं नाही, जवळच्या मानहार्ट्सबेर्गच्या जंगलातलं.

मिखाएलनं आणखी एक उद्योग केला. मठाच्या जुन्या बाटल्या चाखून बघितल्या, 19व्या शतकात वीज आणि शीतयंत्रं नसताना वाइन कशी करत असतील याचा माग काढला, आणि तशा पद्धतीनं ‘ट्रॅडिशन’ नावाची वाइन काढली. आजकालची बहुतेक पांढरी वाइन हवेपासून जपतात, थंड ठेवतात, लवकर बाटलीत भरतात. ही मात्र जुन्या पिंपात निवांत मुरते, गाळ मागे ठेवून पुन्हा पुन्हा दुसऱ्या पिंपात ओतली जाते, आणि त्या ओतण्यात तिला हवा लागू देतात.

द्राक्षाची मुख्य जात ग्र्यूनर फेल्टलिनर, ऑस्ट्रियाची सगळ्यात जास्त लागवडीची. तिला खोऱ्यातली वाऱ्यानं वाहून आलेली भुसभुशीत पिवळसर माती मानवते. हायलिगेनश्टाइनच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मावर मात्र रीसलिंग लावतात. आपल्या नाशिकच्या बागायतदारांना एक नवल वाटेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा वर्षाला दोन. तिथं वेल हिवाळाभर झोपलेली असते. त्या झोपेतच तिची एकदा छाटणी होते, आणि तोडणी शरद ऋतूत.

चवीचं म्हणाल तर फेल्टलिनरमध्ये हिरव्या सफरचंदाची आंबटाई असते आणि मागून पांढऱ्या मिरीचा हलका ठसका येतो. हा ठसका कल्पनेतला नाही. मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही सापडतं. व्हिएन्नात ती श्नित्सेलबरोबर, म्हणजे मांसाच्या पातळ तळलेल्या कापाबरोबर घेतात. परदेशात असलेल्या कुणा श्रोत्याच्या हाती गोबेल्सबुर्गची बाटली लागलीच, तर ती बर्फासारखी गार करू नका, फार थंडीत तो मिरीचा वास दबून जातो. आणि ‘ट्रॅडिशन’ असेल तर घाईनं उघडूही नका, ती काही वर्षं सहज टिकते.