आजी म्हणाल्या, 'बांध कुठंय यात?'

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'अ‍ॅरिझोनातला नवाहो वकील-आमदार'. क्रिस डेशेनी हे त्याचं नाव. त्याच्याकडे येतोच. नवाहो ही अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात, तिचं स्वतःचं सरकार आहे, त्यालाच नवाहो राष्ट्र म्हणतात. आधी या लोकांच्या कायद्यातलं एक जुनं कलम ऐका. 2015पर्यंत नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं तर उमेदवाराला नवाहो अस्खलित बोलता आणि समजता आली पाहिजे, आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, अशी अट होती. म्हणजे तोंड आणि कान आईच्या भाषेला, कागद इंग्रजीला. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम एक आजी आठवल्या.

सनद मिळून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आजींच्या शेजाऱ्यानं बांध कोरला होता. दर नांगरटीला एकेक तास आत. खालच्या कोर्टात सगळं मराठीत चाललं, पण प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करावं लागलं. मी रात्री बसून चांगलं चार पानी लिहिलं. सकाळी आजी आल्या, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदाच्या वर तसाच धरून मला म्हणाल्या, "काय लिवलंय ते सांग आधी." मी मराठीत सांगितलं, की हद्दीबाबत वाद आहे, क्षेत्र कमी भरतंय, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बांध कुठंय यात?"

मी 'बाउंड्री' लिहिलं होतं. बाउंड्री नकाशावर असते. आजींच्या बांधावर त्यांनी लावलेली बाभूळ होती, सुगीत त्या तिथं बसून भाकरी खायच्या. मी ते पान फाडलं, पुन्हा टाइप करून आणलं, इंग्रजी मजकुरात 'बांध' हाच शब्द घातला आणि पुढे त्याचा अर्थ दिला. मग अंगठा उठला. तेव्हापासून अशिलाचा शब्द मी शक्यतो बदलत नाही. इथं तरुण वकील बसले आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, तुम्हीही बदलू नका.

आता नवाहोंकडे वळू. ते स्वतःला डिने म्हणवतात. त्यांचं राष्ट्र अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलंय, आपल्या मराठवाड्याहून थोडं मोठंच. क्रिस डेशेनीचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात 'कोड टॉकर' होते, म्हणजे नवाहो भाषेतून सांकेतिक निरोप पोचवणारे जवान. ज्या सरकारी शाळांत नवाहो बोललं की मुलांना शिक्षा व्हायची, त्याच सरकारच्या मरीन दलानं पॅसिफिकमधल्या लढाईसाठी ही भाषा मागून घेतली. सुरुवातीला 29 जवान होते, पुढे 400च्या आसपास झाले. त्यांनी शब्द कसे पाडले बघा. रणगाडा म्हणजे कासव. पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. बॉम्ब म्हणजे अंडी. हातबॉम्ब म्हणजे बटाटे! घरातल्या बायकांनाही सहज कळतील असे शब्द, आणि जपान्यांना शेवटपर्यंत त्यांचा उलगडा झाला नाही. अमेरिकेसाठी शब्द होता 'आपली आई'. शाळेत मार खाल्लेल्या मुलांनी तो निवडला, हे आठवलं की माझा आवाज आजही बसतो.

अशा माणसाचा नातू अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकला, मरीन दलात अधिकारी झाला. मग अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात त्यानं कायदा आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग अशा दोन्ही पदव्या घेतल्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो.

अमेरिकेतल्या सर्व मूलनिवासींना नागरिकत्व मिळालं 1924 साली, पण अ‍ॅरिझोनाच्या न्यायालयानं 1928 मध्ये त्यांना मत नाकारलं. कारण काय दिलं, तर हे 'पालकत्वाखाली' असलेले लोक! तो निकाल फिरायला 1948 उजाडलं. त्यानंतरही 1970पर्यंत इंग्रजी वाचण्याची परीक्षा आड यायची. त्या राज्याच्या विधानसभेत डेशेनी 2009 ते 2011 आमदार होता. 2010 साली तो राज्याच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' या, निवडणुकांचं काम बघणाऱ्या पदालाही उभा राहिला आणि हरला.

मग 2014 साली तो नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. प्राथमिक फेरीत 17 उमेदवार होते, त्यात हा दुसरा आला, म्हणजे पहिल्या दोघांच्या अंतिम लढतीत पोचला. भाषा अस्खलित येते, असं त्यानं अर्जात सहीनिशी लिहून दिलं होतं. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. सुनावणीत त्याची भाषा तपासणारे प्रश्न आले, तेव्हा त्यानं उत्तर द्यायला नकार दिला. ही परीक्षाच अन्यायाची आहे, अशी त्याची भूमिका होती. तो अपात्र ठरला. मतदान तोंडावर असताना राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयानं 2 विरुद्ध 1 अशा मतांनी त्याचं नाव वगळून मतपत्रिका नव्यानं छापायला सांगितलं. कौन्सिलनं, म्हणजे नवाहोंच्या विधिमंडळानं, 11 विरुद्ध 10 मतांनी भाषेची अट बदलली, तर तेव्हाच्या अध्यक्षांनी तो ठराव नामंजूर केला. निवडणूक पुढे ढकलली गेली आणि 2015 मध्ये, प्राथमिक फेरीत तिसरा आलेला रसेल बेगे अध्यक्ष झाला.

अनेक जण म्हणतात, राज्यानं घेतलेली इंग्रजीची परीक्षा आणि ही परीक्षा सारखीच. मला हे मुळीच पटत नाही. त्या परीक्षेनं लोकांना मतदानापासून लांब ठेवलं. या अटीमागे इंग्रजी न येणाऱ्या म्हातारीचा हक्क होता, तिच्या अध्यक्षाशी तिच्या शब्दांत बोलण्याचा. डेशेनीबद्दल मला आदर आहे. पण त्यानं त्या दिवशी मोडकंतोडकं का होईना, बोलायला हवं होतं. 'शिकतोय' एवढं जरी त्या भाषेत म्हणाला असता, तरी माझ्यासारख्याचं मत त्याच्या पारड्यात पडलं असतं.

पुढे 2015 मध्येच नवाहोंनी सार्वमत घेतलं आणि उमेदवाराला भाषा पुरेशी येते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मतदारांकडे घेतला. त्यांच्याकडे 110 'चॅप्टर' आहेत, आपल्या ग्रामसभेसारखे. आता तिथं मत मागायला जाणाऱ्याला पहिल्या रांगेतली एखादी आजी तिच्या बांधाबद्दल, तिच्या शब्दांत विचारू शकते, आणि त्याचं उत्तर पटलं की नाही, हे तीच ठरवते.