बटणावरचे दोन ठिपके

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या श्रावणात नारायण पेठेतल्या एका आजींचं पोस्टकार्ड आलं. 'तुमचं गाणं कानात घुसतं आणि बोलणं पोहोचतच नाही.' मी चक्रावलो. स्टुडिओतल्या मीटरवर गाणं आणि माझं बोलणं एकाच रेघेपर्यंत जात होतं. शेवटी एका सकाळी त्यांच्या घरीच गेलो.

वाड्यातलं छोटं स्वयंपाकघर. गॅसवर कुकर, फडताळात मिसळणाच्या डब्याशेजारी रेडिओ. त्याच्या बटणाच्या कडेला लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके! "नातीनं लावून दिलेत," आजी म्हणाल्या. "खालचा गाण्याचा, वरचा बोलण्याचा." निवेदक बोलू लागला की कणकेचा हात पदराला पुसून बटण वर, गाणं लागलं की लगबगीनं खाली. अर्ध्या तासात सहा वेळा उठल्या. एक पोळी माझ्यासमोर करपली.

आजींचे कान अगदी बरोबर होते. आमचा मीटर दाखवतो आवाजाची उसळी. कान धरतो सरासरी. पुन्हा सांगतो, मीटर उसळी दाखवतो, कान सरासरी धरतो. बोलताना शब्दाशब्दांत फटी राहतात. गाण्यात तबला, पेटी, तानपुरा मिळून त्या भरून काढतात, म्हणून गाणं मोठं वाटतं. शिवाय बोलण्याचा अर्थ स, त, फ अशा हलक्या व्यंजनांवर टेकलेला असतो, आणि कुकरच्या फुसफुशीत तीच आधी बुडतात. गाणं अर्धं बुडालं तरी मुखडा ओळखू येतो. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली उसळीऐवजी सरासरी मोजायचं ठरवलं, ते याचसाठी.

म्हणूनच बातम्यांखाली संगीत वाजवणं मला मुळीच पटत नाही. आणि लग्नाच्या कार्यालयात सनईला माइक कशाला हवा? सनई मुळात अंगणातलं वाद्य, तिचा आवाज आपसूक चौकाबाहेर जातो. स्पीकरवर लावली की शेजारी बसलेल्या मामांना "जेवलात का?" हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं.

असो. त्या दिवसापासून गाणं लावताना मी मीटर बोलण्यापेक्षा थोडा खाली ठेवतो. थोडाच, कारण १० डेसिबलचा फरक पडला तर आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. परवा आजींचं दुसरं पोस्टकार्ड आलं. 'बटण आता दोन ठिपक्यांच्या मधे असतं. पोळ्या बसून करते.'