ओटीपी कुणाच्या मोबाइलवर?

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, सेवा केंद्र. काचेवर अंगठा.)

लाल उजेड लागतो, विझतो. पुन्हा ठेवा. पुन्हा.

हे बोट जवळून पाहा. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी रुततात, कातडी सोलते. वेचणी लांबली की बोटावरच्या रेषा पुसट होतात. केंद्रचालक ओल्या फडक्यानं बोट पुसतो, काच पुसतो, मग मधलं बोट लावून पाहतो. तरी जमलं नाही तर डोळ्याचं यंत्र. तेही सगळीकडे नसतं.

रांग नव्या कायद्याची नाही. कुणाचं एखाद्या योजनेचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आहे, कुणाची कसली नोंदणी. पण मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचा कायदा गावात उतरेल, तो याच काचेवर.

हा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तयारीला 18 महिने मिळाले. 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची संमती हवी, आणि तो माणूस सज्ञान आहे हे माहिती घेणाऱ्या कंपनीनं तपासायचं. पालकाची खात्रीची माहिती कंपनीकडे आधीच असेल तर ठीक. नसेल तर वयाचा पुरावा, किंवा डिजीलॉकरसारख्या (कागदपत्रं मोबाइलवर ठेवायच्या सरकारी) सेवेचं टोकन, म्हणजे ओळख-वय पटल्याची डिजिटल खूण.

डिजीलॉकरला आधारशी जोडलेला नंबर लागतो. गाडं अडतं ते इथं. आधार काढताना दिलेलं सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेलं असतं, कधी तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो. ओटीपी तिकडे जातो. नंबर बदलायचा तर आधार केंद्र गाठा, 75 रुपये भरा, पुन्हा बोटं टेकवा. केंद्र तालुक्याला असलं की दिवसाची मजुरी गेली. आईवडील कामाला परगावी आणि पोरं आजीजवळ, अशा घराचं काय, ते नियमांत सापडत नाही.

(दृश्य: ओटा, संध्याकाळ. मुलाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड.)

मोबाइल बापाचा, सिम बापाच्या नावावर, खातंही बापाचंच. कंपनीच्या लेखी इथं मोठा माणूस बसलाय. मूलच दिसत नाही, मग संमती कुणाला मागणार?

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 खालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. असं इथं झालं तर गावातल्या बायांना हवंच आहे. पुरुषांना धास्ती आणखी एका कागदाची. दोघांचंही खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र आपण घ्यावीच: फक्त सरकारी ओळखपत्रच द्या, असा हट्ट तिथं कंपनीला धरता येत नाही.

मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला आपलाही कायदा मनाई करतो. दंड 200 कोटींपर्यंत.

(दृश्य: केंद्राचा पडदा.)

आधारशी कोणता नंबर जोडलाय, ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. आधार क्रमांक आणि आपला नंबर टाका. जुळला नाही, तर वेचणी संपल्यावर, बोटं भरून आल्यावर आधार केंद्रात जा.