खिडकीचं माप घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

मिरग तोंडावर आला की आमच्या रत्नागिरीकडे खिडक्यांचं काम करणाऱ्याचा फोन थांबत नाही. लाकडी खिडकी कुजलेली असते, झडप लागत नसते, आणि पहिली झड घरात यायच्या आत तिथे अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवून हवी असते. फोनवर वाक्य ठरलेलं असतं, "माप पाठवतो, तेवढी बनवून ठेवा." आज मला या मापाबद्दलच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून गावी आलेल्या एका चाकरमान्याने मला खिडकीची रुंदी फोनवर सांगितली, "चार पॉइंट तीन फूट." मी लिहून घेतली आणि त्याप्रमाणे चौकट कापली. त्यांना म्हणायचं होतं चार फूट तीन इंच. आता हिशेब बघा. चार फूट तीन इंच म्हणजे ५१ इंच. चार दशांश तीन फूट म्हणजे ५१ पूर्णांक ६ दशांश इंच. फरक १५ मिलिमीटरचा. मी दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर जागा सोडली होती, तरी चौकट भिंतीतल्या भोकापेक्षा पाच मिलिमीटर मोठी निघाली. जुनी खिडकी तोवर फोडून झाली होती. दुसरी चौकट तयार होईपर्यंत त्या घरातल्या आजींनी चार रात्री ताडपत्री लावलेल्या खोलीत काढल्या, बाहेर पाऊस कोसळत असताना. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना मिलिमीटरमध्येच माप मागतो. आमच्या धंद्यात इंच आणि सूत चालतं. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सुताराला "सत्तेचाळीस इंच पाच सूत" लगेच कळतं. पण तेच कागदावर ४७.५ असं लिहिलं की वाचणारा साडेसत्तेचाळीस वाचतो, आणि एक सूत तिथेच हरवतं. मिलिमीटरला दशांश लागत नाही, त्यामुळे हा घोळच होत नाही.

आता टेपकडे या. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक जरा हलतो. पुष्कळांना वाटतं टेप बिघडली, आणि ते हातोडी मारून तो पक्का करतात. कृपा करून तसं करू नका. तो हूक त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच हलावा असाच बनवलेला असतो. बाहेरून अडकवून ओढला तर पुढे सरकतो, आतून भिंतीला टेकवला तर मागे जातो, आणि दोन्ही वेळा माप खरं येतं. आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचू नका. माझे वडील सुतार होते. ते दोन पट्ट्या एकमेकींवर धरून भोकात दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवायचे, पेन्सिलीने खूण करायचे आणि मग बाहेर उजेडात मोजायचे. घरी करायला याहून बरी युक्ती मला अजून सापडलेली नाही.

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. आमच्या चिऱ्याच्या भिंतींना गिलावा हाताने केलेला असतो, कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे तीन मापं सहसा तीन वेगळी येतात. त्यातलं सर्वांत लहान धरायचं. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

पण तिन्ही रुंद्या अगदी सारख्या आल्या, तरीही चौकट बसणार नाही असं होऊ शकतं. भोकाच्या दोन्ही उभ्या बाजू एकाच दिशेला कलल्या असतील तर वर १२०० मिलिमीटर, मध्ये १२००, खाली १२००. टेप काहीच चुगली करत नाही. मात्र तिथे ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि दोन्ही बाजू बारा मिलिमीटरने उजवीकडे झुकलेल्या निघाल्या, तर सरळ उभ्या चौकटीला मिळणारी रुंदी ११८८ मिलिमीटरच. स्लायडिंगची चौकट कललेल्या भोकात तिरकी ठोकता येत नाही, कारण मग शटर, म्हणजे सरकणारी काच, एका कोपऱ्यात टेकतं, दुसऱ्या कोपऱ्यात फट राहते आणि पाणी नेमकं तिथून येतं. म्हणून दोन्ही तिरपी मापं घ्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. गवंडी गुण्या, म्हणजे काटकोन, तपासायला तीन-चार-पाचचा हिशेब वापरतो, तोच हा. चार फूट रुंद, तीन फूट उंच खिडकी गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण पाच फूटच भरतात. जुन्या भिंतीत सूत-दोन सुतांचा फरक असायचाच. तो अर्ध्या इंचाच्या पुढे गेला तर, माझं मत विचाराल तर, आधी गवंड्याला बोलवा आणि भोक सरळ करून घ्या. वाकडी भिंत सिलिकॉन भरून झाकण्यावर माझा विश्वास नाही.

दुसरा प्रश्न, जुनी लाकडी चौकट काढायची की तिच्या आत नवी बसवायची? लाकडी चौकट होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत पक्की केलेली असते, काढताना गिलावा फुटतो, म्हणून लोक आत बसवण्याकडे झुकतात. पण चार बाय चार फुटांच्या खिडकीत चारी बाजूंनी दीड-दीड इंच गेलं तर ४८ इंचांचे ४५ होतात. म्हणजे उजेडाचा साधारण आठवा भाग गेला. त्यात दोन काचांच्या स्लायडिंगची एका वेळी अर्धीच बाजू उघडते, पूर्वीच्या दोन झडपा मात्र पूर्ण उघडायच्या. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः स्वयंपाकघरात, हे फार जाणवतं. लाकूड ठणठणीत असेल तर आत बसवा. टोचणीने टोचून बघा, भुसा पडला तर काढून टाका.

खालच्या बाजूला ग्रॅनाइट किंवा कडप्पा बसवायचा असेल तर तो आधी बसवून घ्या आणि मगच उंची मोजा. फरशी आणि तिच्याखालचा सिमेंटचा माल मिळून इंच-दीड इंच सहज जातो. ती फरशी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरून पाणी जायला छोटी भोकं असतात, ती फरशीच्या किंवा सिमेंटच्या आड गेली की ट्रॅकमध्ये डबकं साचतं. लोखंडी गज किंवा ग्रिल असेल तर ते भिंतीच्या कडेपासून किती आत आहे तेही लिहा. मच्छरजाळीसाठी तीन ट्रॅकची चौकट घेतली तर ती भिंतीच्या जाडीत दोन ट्रॅकपेक्षा जास्त जागा घेते आणि मग ग्रिल आड येतं.

कागदावर आधी रुंदी, मग उंची, आणि प्रत्येक खिडकीला नंबर. दारातून आत येऊन डाव्या हाताने सुरुवात करायची. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा, "भिंतीतल्या भोकाचं माप, काही वजा केलेलं नाही." तुम्हीही सोडलेली जागा वजा केलीत आणि आम्हीही केली, तर खिडकी खुळखुळते. बिल चौरस फुटांवर होतं आणि त्यात आकडा वर धरण्याची पद्धत आहे, तो हिशेब वेगळ्या कागदावर ठेवा. माडीवरची खिडकी असेल तर बाहेर वाकून मोजू नका. सगळी मापं आतूनच मिळतात.

आणि नवी चौकट टेम्पोतून उतरली की तिला खळ्यात सपाट जागी ठेवा, कागद हातात घ्या, रुंदी, उंची आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजा. कारागीर घाईत असला तरी थांबवा. हे सगळं जुळल्यावरच जुन्या खिडकीवर पहिला घाव घालू द्या.

नमस्कार.