उतारा, पट्टी आणि दवाखाना

(तासगाव येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी नोकरी महसूल खात्यात गेली. घरातलं माणूस सांगली-मिरजेला अॅडमिट झालं, की एक मुलगा पेशंटपाशी थांबतो आणि दुसरा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पळतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ पाहिलंय. त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर पळायची गरजच नसते. ज्यांना असते ते नेमके चुकीचा कागद घेऊन येतात. आज बोलायचंय ते एवढ्याचबद्दल.

आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा रेशनकार्डाचा रंग बघायचे. पिवळं आणि केशरी आत, पांढरं बाहेर. हे तीन रंग १९९९ सालचे. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं आणि १ लाखापर्यंत केशरी. त्यातही घरात चारचाकी असली किंवा चार हेक्टर बागायत असली, की कार्ड पांढरं. हे आकडे कधीचे, आणि दवाखान्याचं बिल कधीचं! बरं, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही योजनेत घेतलं होतं. आपला जत, आटपाडी किंवा पलीकडचा माण त्या यादीत नव्हता. टँकरचं पाणी पिणारा जतचा शेतकरी कार्ड पांढरं म्हणून बाहेर राहिला. मला तो निकष तेव्हाही पटला नव्हता.

२०२३ च्या जुलैमध्ये सरकारनं हा प्रश्नच काढून टाकला. आता कार्ड कुठल्याही रंगाचं चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. म्हणजे या योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथं रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवायचं. अडतं कुठं, तर नावात. कार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनताई’. सून घरात येऊन सहा वर्षं झाली, तरी तिचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. ऑपरेशन ठरल्यावर या गोष्टी ध्यानात येतात. घरी गेल्यावर कार्ड आणि सगळ्यांची आधारं शेजारी ठेवून एकदा वाचा. शंका आली तर १५५३८८ वर फोन करा.

आता दाखला जिथं खरोखर लागतो तिकडं येऊ. योजनेत न बसणारा आजार असला, किंवा दवाखाना योजनेत नसला, तरी तो धर्मादाय ट्रस्टचा आहे का, हे विचारा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखाली अशा दवाखान्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. जिवावरचा पेशंट असेल तर कागद मागं, दाखल करून घेणं पुढं, आणि त्यासाठी अनामत मागायची नाही. काउंटरवर हे कुणी आपण होऊन सांगत नाही. तुम्ही विचारायचं. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला अर्ज करायचा तर तिथं तहसीलदारांचा दाखला लागतोच, आणि मर्यादा १ लाख ६० हजार.

आणि दाखला काढताना आपल्या भागात घोटाळा होतो तो द्राक्षाचा. एकर-दीड एकर बाग. बेदाणा करून अडत्याकडं दिला, सौद्यात विकला, विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली सहा लाखांची. पोरगं तीच पट्टी नाहीतर बँकेचं पासबुक भाऊसाहेबांपुढं, म्हणजे तलाठ्यापुढं ठेवतं. त्या आकड्यावर दाखला मागितला तर तुम्ही निर्धन कसे? पट्टीवरच अडत, हमाली, तोलाई कापलेली असते. पण औषधं, खतं, छाटणीची मजुरी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, बेदाण्याच्या शेडचं भाडं आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज कुठं दिसतं? ते तुमच्या खिशातल्या चुरगळलेल्या पावत्यांत असतं. कृषी सेवा केंद्रात उधारी असली तर दुकानदाराकडून खात्याचा उतारा लिहून घ्या. वर्षाची एक पिशवी करा, त्यात सगळं टाका. ऊसवाल्यांनीही तसंच, बिलातून सोसायटीची कपात किती झाली तो कागद जपा.

दुसरी अडचण ८-अ ची, म्हणजे जमिनीच्या खाते-उताऱ्याची. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारसनोंद झाली, पण वाटप नाही. चार भावांचं १२ एकर एका खात्यावर दिसतं. माणूस शपथेवर सांगतो की माझ्या वाट्याला तीनच एकर आहे, आणि ते खरंही असतं, पण उतारा तसं म्हणत नाही. तलाठ्यानं काय करावं? तो उताऱ्यावर चालतो. भांडण नसेल तर वाटप करून घ्या, आजारपणाची वाट बघू नका. मुलगा पुण्यात नोकरीला आणि नाव अजून तुमच्याच रेशनकार्डावर असेल, तर त्याचा पगारही विचारला जाणारच.

दाखल्याला कायद्यानं १५ दिवसांची मुदत आहे, आणि एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला जुना होतो. अर्ज एप्रिल-मे मध्येच टाकलेला बरा.

सत्तरी ओलांडलेल्यांना मात्र यातलं काही नको. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेचं वेगळं कार्ड मिळतं. वय आधारवरचं धरतात. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, हात वर करा. बघा! गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली ती तारीख. त्यात साल चुकलं असेल तर तुम्ही खरे बहात्तरचे असूनही आधारवर अडुसष्टचे राहता.

एक चिठ्ठी आलीय. ‘उत्पन्न थोडं कमी दाखवलं तर चालतं का?’ नाही. अर्जासोबत तुम्ही स्वयंघोषणापत्रावर सही करता, खोटं निघालं तर लाभ जातो आणि खटला होऊ शकतो. शिवाय गरजही नसते. चिठ्ठी कुणाची ते विचारत नाही, पण खर्चाच्या पावत्या जोडून खरा आकडा काढा, तो बहुतेक वेळा तुम्ही मनात धरलेल्या खोट्या आकड्याहून कमीच निघतो.