खण उलटा करून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

जुनं, उंची फर्निचर बघायला गेलं की आपली नजर आधी पॉलिशवर जाते. मग कोरीवकाम, मग पितळी कड्या. पण पॉलिश कालचंही असू शकतं. म्हणून मी आधी खण बाहेर काढते. अर्धवट नाही, पूर्ण काढते आणि उलटा करते.

खणाची पुढची फळी बाजूच्या फळीला जिथे मिळते, तिथे पंख्यासारखे पसरत गेलेले दात एकमेकांत बसवलेले दिसतील. हा डोव्हटेलचा सांधा. सगळे दात एकाच मापाचे, अगदी सारख्या अंतरावर असले, तर ते बहुधा यंत्राने कापलेले. एखादा जाड, एखादा निमुळता, आणि शेजारी सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघ दिसली, तर काम हाताचं. नुसत्या स्टेपल मारलेल्या असतील, तर वर कितीही नक्षी असो, मी पुढे जाते.

आता तळावरून बोटं फिरवा. हातरंधा चाललेल्या लाकडावर हलका चढउतार जाणवतो. खण ज्या कडांवर सरकतो, त्या झिजलेल्या हव्यात. शंभर वर्षांचं म्हणून दाखवलेल्या कपाटात त्या कडा कोऱ्या करकरीत असतील, तर विकणाऱ्याला कारण विचाराच. खण नंतर बदललेला असू शकतो.

गोल टेबल असेल तर टेप काढा. वाळताना लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे सलग लाकडाचं जुनं गोल टेबल वर्षानुवर्षांनी किंचित लंबगोल होतं. पहिल्यांदा असा फरक टेपवर दिसला, तेव्हा मी तिथेच उभी राहून तीनदा मोजलं. इतका आनंद मला कुठल्याही नक्षीने दिला नव्हता!

नावाजलेल्या खुर्च्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नकला भरपूर निघतात, म्हणून अस्सल खुर्ची कशी बनते हे आधी माहीत हवं. थोनेट या फर्निचर कंपनीची १८५९ सालची चौदा नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या सहा तुकड्यांची, दहा स्क्रूंवर जोडलेली. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांच्या विशबोन खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणतात. संधी मिळेल तिथे अस्सल खुर्चीत बसा, उचलून वजन घ्या. ते अंगात मुरलं की नक्कल हाताला लगेच खटकते.

सोफ्याचं कापड विटलंय म्हणून सोडू नका, कापड बदलता येतं. पाठ धरून हलवा, सांगाडा डगमगतोय का बघा. पितळ म्हणून दाखवलेल्या दिव्याला लोहचुंबक लावा. चिकटला, तर आत लोखंड आहे. लाकडात बारीक भोकं दिसली तरी घाबरू नका, मात्र खाली ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू घरात नको.

आणि एक कळकळीची विनंती. घरी आणल्यावर लगेच घासून चकचकीत करायला देऊ नका. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश आहे. लाखेवर लाख एकजीव होते, त्यामुळे जिथे उडालंय तेवढ्यापुरतंच दुरुस्त करता येतं. बाकीचा रंग इतक्या वर्षांच्या उन्हाने आणि हातांनी आलेला असतो. तो तसाच राहू द्या.

नमस्कार.