पिन बसली, पण व्होल्टेजचं काय?

नमस्कार मंडळी. बाहेर ऊन नुसतं मी म्हणतंय, घरोघरी कूलरची घरघर चालू असेल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवून घ्या. सुट्ट्या लागल्या, कोणी दुबईला निघालंय, कोणी सिंगापूरला, कोणाचे आईबाबा लेकीकडे अमेरिकेत निघालेत, आणि आज मला बोलायचंय ते बॅगेत सगळ्यात शेवटी टाकल्या जाणाऱ्या एका वस्तूबद्दल. ट्रॅव्हल ॲडॉप्टर.

माझं नागपूरच्या गोकुळपेठेत विजेची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. आईबाबा पहिल्यांदा ताईकडे अमेरिकेत गेले तेव्हा बर्डीच्या बाजारातून ॲडॉप्टर मीच आणलं होतं. बाबांना दमा आहे, नेब्युलायझर लागतो, म्हणजे पंपानं औषधाची वाफ देणारं मशीन, तो बॅगेत मीच नीट गुंडाळून ठेवला. तिथल्या भिंतीत ॲडॉप्टर मस्त बसलं. तिसऱ्या रात्री बाबांना धाप लागली, ताईनं मशीन लावलं, मशीन नुसतं घूं घूं करत राहिलं आणि मास्कमधून वाफ काही येईना. इकडे सकाळचे साडेदहा झाले होते, मी दुकान उघडतच होतो, आईचा फोन. "अरे बाळा, लाईट तर लागला आहे ना याचा, मग हवा काऊन नाही देऊन राहिलं हे?" मी ताईला म्हटलं मशीन उलटं कर आणि खालचं लेबल वाच. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेची पन्नास आवर्तनं. आणि तिथल्या भिंतीत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पंपाला जेवढा जोर पाहिजे त्याच्या अर्धाच व्होल्टेज मिळत होता. शेजारच्या घरी तिथलं मशीन होतं म्हणून ती रात्र निभावली.

तेव्हापासून दुकानात कोणी ॲडॉप्टर मागायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, की भाऊ, त्यात लावणार काय?

कारण ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतं, वीज बदलत नाही. आपल्याकडे बरेच दुकानदार यालाच कन्व्हर्टर म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, घेणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी कन्व्हर्ट करत असेल. आत फक्त पितळेच्या पट्ट्या असतात हो, इकडची पिन तिकडच्या पिनला जोडणाऱ्या. व्होल्टेज बदलायचं तर ट्रान्सफॉर्मर लागतो, तांब्याची वाइंडिंग असलेला चांगला जड डबा, आणि तो सुटकेसमधून न्यायच्या भानगडीत सहसा पडू नये असं माझं मत आहे.

मग करायचं काय, तर लेबल वाचायचं. चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट असं लिहिलेलं असतं, नसेल दिसत तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून पाहा. तिथे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती वस्तू जगात बहुतेक कुठेही चालते, फक्त पिन जुळवा. मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर जवळपास सगळे असेच असतात. आणि जिथे नुसतं २३० किंवा २२०-२४० लिहिलंय, ती वस्तू अमेरिका, कॅनडा, जपानला न्यायची नाही. इस्त्री, केटल, हेअर ड्रायर, पाणी गरम करायचा रॉड, मिक्सर हे सगळे यात आले.

लेकीसाठी मिक्सर नेणाऱ्या आया मला दरवर्षी भेटतात. त्यांना वाटतं अर्धा व्होल्टेज म्हणजे थोडं हळू फिरेल, चालून जाईल. मोटर कुथत कुथत फिरते, चटणी होत नाही आणि वर मोटर तापते. आपल्याच कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सरही बनवतात, तो मागून घ्या. गरम होणाऱ्या वस्तूंचा हिशोब तर अजून वेगळा आहे, व्होल्टेज अर्धा झाला की उष्णता अर्धी नाही, चौथाई होते, म्हणजे इथली १५०० वॅटची केटल तिथे जेमतेम ४०० वॅटची उरते. चहाला वाट पाहावी लागेल, एवढंच. पण उलटं केलं तर? अमेरिकेतून आणलेला हेअर स्ट्रेटनर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर तो जवळपास चौपट वीज ओढतो. एका लग्नघरी मेंदीच्या दिवशी हेच झालं, पाहुणीनं ॲडॉप्टर लावून स्ट्रेटनर चालू केला, मिनिटभरात प्लास्टिकचा वास, धूर, आणि खाली गादी होती. कोणाला इजा झाली नाही, पण दुकानात माझ्याकडे आलेला तो वितळलेला तुकडा पाहून मला घाम फुटला होता.

आपल्या नागपूरचं एक वेगळंच आहे. दीक्षाभूमीच्या या शहरातून किती तरी लोक श्रीलंका, थायलंड, जपान अशा बौद्ध देशांच्या यात्रेला जातात, आणि तिन्हीकडचा हिशोब वेगळा आहे. श्रीलंकेत २३० व्होल्ट, आपल्यासारखी गोल तीन पिनची जुनी सॉकेटं आहेत आणि चौकोनी पिनांची ब्रिटिश सॉकेटंही. थायलंडमध्येही व्होल्टेज साधारण आपल्याइतकाच, आणि पुष्कळ सॉकेटांत चपटी आणि बारीक गोल दोन्ही पिना जातात. जपानमध्ये मात्र फक्त १०० व्होल्ट, जगात इतका कमी फारच थोड्या ठिकाणी असेल. त्यातही टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जनरेटर जर्मनीतून आणले आणि ओसाकानं अमेरिकेतून, आणि तो फरक आजपर्यंत राहिला. नेपाळला मुक्तिनाथ, पशुपतिनाथला जाणाऱ्यांनी काळजी करू नका, तिथे आपल्यासारखंच आहे.

आता दुबई, सिंगापूर, लंडन. तिथे व्होल्टेजचा प्रश्नच नाही, प्रश्न पिनेचा. आपली गोल तीन पिन मुळात इंग्रजांचीच, त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला, आत फ्यूज असलेला, आणि आपण जुनाच ठेवला. त्या सॉकेटला आतून झडप असते, वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की खालची दोन भोकं उघडतात, लहान मुलांनी काही खुपसू नये म्हणून. आणि आपली मंडळी काय करतात, वरच्या भोकात पेन नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घालतात, झडप उघडतात आणि इथला टू पिन चार्जर दाबून बसवतात. मी हात जोडून सांगतो, हे करू नका. आपली गोल पिन त्या चौकोनी खाचेत पक्की धरली जात नाही, ढिली राहते, आत ठिणग्या पडत राहतात, प्लगमधला फ्यूज मधे नसतोच, आणि ही जुगाडं रात्रभर पलंगाच्या उशाशी चालू असतात. दीडदोनशे रुपयांच्या ॲडॉप्टरसाठी हे का करायचं?

घेताना कसं पाहायचं ते सांगतो. एकाच देशात जाताय तर त्याच देशाचं साधं, भक्कम ॲडॉप्टर घ्या. सरकत्या पिनांचं ते युनिव्हर्सल ॲडॉप्टर सोयीचं असतं, चार देश फिरणाऱ्यानं जरूर घ्यावं, पण स्वस्तातल्या बऱ्याच युनिव्हर्सलमध्ये अर्थिंगच जोडलेलं नसतं, तिसरी पिन नुसती प्लास्टिकची, दिखाव्यापुरती. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात ठेवल्यावर झिणझिण्या येतात ना, त्या बरेचदा अर्थिंग तुटल्यामुळे. दुकानात जाताना आपला चार्जर सोबतच न्या, लावून पाहा, हलवून पाहा, पिन आत लटलटत असेल तर ठेवून द्या. ॲडॉप्टरवर ते किती अँपिअर वीज पेलेल तो आकडा लिहिलेला असला पाहिजे. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅट, पण अमेरिकेच्या १२० वर तेच ७२० वॅट होतात, हे लक्षात ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर घेऊच नका. युरोपात मोबाईलच्या चार्जरच्या बारीक दोन पिना बहुतेक ठिकाणी सरळ बसतात, लॅपटॉपच्या जाड थ्री पिनला मात्र ॲडॉप्टर लागतंच.

आणि लॅपटॉपवाल्यांसाठी माझा सगळ्यात आवडता उपाय. चार्जरच्या विटेसारख्या डब्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक चार्जरला वेगळी काढता येते, आमच्या धंद्यात तिच्या टोकाला मिकी माऊस म्हणतात, तीन गोल असतात म्हणून. ज्या देशात चाललात तिथल्या प्लगची तेवढी वायर विकत घ्या. ॲडॉप्टर मधे येतच नाही, अर्थिंग नीट मिळतं. शिकायला जाणाऱ्या पोरांनी तर हेच करावं.

वापरताना ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवू नका. इथला साधा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊन एका ॲडॉप्टरवर तीन चार्जर लावले तर चालतं, पण त्याच बोर्डावर केटल किंवा इस्त्री नको. हात लावून पाहत जा, कोमट ठीक, चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करून मगच काढा, आणि ते ॲडॉप्टर परत वापरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच सॉकेटांना स्विचच नसतो, तिथे काम झालं की ॲडॉप्टर भिंतीतून काढूनच ठेवा. इंग्लंडमधल्या हॉटेलच्या बाथरूममध्ये शेव्हरसाठी म्हणून जे सॉकेट असतं त्यात फक्त शेव्हर किंवा दात घासायचा ब्रश लावायचा, हेअर ड्रायर नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकायला परवानगी नाही.

घरात कोणाचं औषधाचं मशीन असेल, नेब्युलायझर, झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन, तर तिकीट काढल्याच्या दिवशीच त्याचं लेबल वाचा. निघायच्या आदल्या रात्री वाचून उपयोग नाही, तेव्हा दुसरं मशीन शोधायला वेळ उरत नाही.

आईबाबा आता परत ताईकडे निघालेत. या वेळी डॉक्टरांना विचारून बाबांसाठी चार्जिंगवर चालणारा छोटा नेब्युलायझर घेतला. घरी आणल्यावर मी चार्जरचं लेबल वाचलं, १०० ते २४०. मग आईनं तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, खिडकीशी उजेडात गेली आणि आकडे स्वतः मोठ्यानं वाचून मगच तो बाबांच्या बॅगेत ठेवला.